या झाडाला पाणी घालू नये

इमारतीच्या वार्षिक सभेत माणसं चहा घेतात, जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल कुरकुर करतात आणि घरी जातात. तिथे शपथ वगैरे कोणी घेत नाही. पण त्या वर्षी मिलिग्रॅम उभे राहिले, त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि भरसभेत जाहीर केलं, "या झाडाचं सफरचंद याच मोसमात प्रत्येक घरात पोचेल. नाही पोचलं तर पहिली कुऱ्हाड मी स्वतः घालीन."

आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. शेजारी बसलेल्या बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. असं तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, ते लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेल्यावर त्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला काटा खोटा असल्याचं जाहीर केलं तेव्हा.

मिलिग्रॅम हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव त्यांना खात्यानेच बहाल केलं होतं. दुकानादुकानांतून काटे, मापं, मीटरपट्ट्या तपासायच्या आणि खोट्या निघाल्या की जप्त करायच्या, हे त्यांचं काम. दुकानदारांनी हात जोडून पाहिले, एकाने रडून पाहिलं, एकाने तर दुकानाच्या पायरीवर चक्क लोटांगण घातलं. मिलिग्रॅम शांतपणे म्हणत, "मी काय करू? काटाच सांगतोय." सबंध नोकरीत त्यांच्या तोंडून एकही चुकीचा आकडा गेला नव्हता. घरी बायको जेवायला किती वेळ आहे विचारायची तर ते घड्याळ बघून सेकंदांसकट सांगायचे, आणि ती पुढच्या वेळी विचारायची नाही.

आता झाडाचं. अंगणाच्या कोपऱ्यातलं ते सफरचंदाचं झाड त्यांच्या बायकोने लावलं होतं. या इमारतीत राहायला आले त्याच आठवड्यात तिने छडीएवढं रोप मांडीवर घेऊन बसने आणलं आणि कोणाला न विचारता लावून टाकलं. लावलं तिने, पण पाणी घालायचं काम मिलिग्रॅमनी आपणहून अंगावर घेतलं. सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी, आतल्या खुणेपर्यंत भरलेली. ताप असो, सुट्टी असो, मागचा एक उन्हाळा सोडला तर झारी चुकली नाही. नऊ वर्षांत झाड दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावायला लागलं, पानं तळहाताएवढी झाली, सावली तर अशी पडायची की तिथे कपडे वाळत नसत. फळ मात्र एकही नाही.

मग सेक्रेटरींनी नवी गाडी घेतली. इमारतीचे सेक्रेटरी हा वाईट माणूस नव्हता, पण ठराव, पोटठराव आणि उपसूचना यांवाचून त्यांना श्वास घेता येत नसे. गाडी उघड्यावर राहायची आणि पाखरं तिच्यावर आपलं मत नोंदवून जायची. गाड्यांसाठी शेड बांधायची तर जागा एकच होती, झाडाची. नेमकं त्याच वसंतात झाड पहिल्यांदा फुललं. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी ते असं भरून गेलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मिलिग्रॅमनी ही फुलं सभेपुढे पुरावा म्हणून मांडली.

"फुलं कागदाचीही मिळतात," सेक्रेटरी म्हणाले. "फळ दाखवा."

त्यावर ती शपथ झाली. सेक्रेटरींनी ती लगेच ठरावात बसवली: मोसमाअखेर खाण्याजोगं फळ प्रत्येक घरात पोचल्यास झाड राहील, न पोचल्यास जाईल. सगळ्यांनी हात वर केले. मिलिग्रॅमनीही केला, कारण शब्द त्यांचेच होते.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "कुऱ्हाड म्हणे. तुम्हाला साधं कलिंगड कापता येत नाही."

मग मात्र त्यांना नाइलाजाने साडूंना फोन करावा लागला. साडू, म्हणजे मेव्हणीचे यजमान, दुसऱ्या गावात फळ संशोधन केंद्रात होते. घरात बारसं असो की कोणाचं ऑपरेशन, साडू बोलणं फिरवून फिरवून फळांवर आणत. मिलिग्रॅम एरवी त्यांच्यापासून चार हात लांब राहत. पण आता अडला होता तो मिलिग्रॅम.

"दादा, मला एक सांगा," साडू म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणीकपात होती का?"

होती. बागांना पाणी घालायला बंदीच होती. मिलिग्रॅमनी कायदा पाळून झारी उपडी ठेवली होती आणि रोज येताजाता झाडाची मनातल्या मनात माफी मागितली होती.

"मग त्यामुळेच फुललं," साडू म्हणाले. "झाडाला पाणी आयतं मिळत राहिलं की ते नुसत्या फांद्या वाढवत बसतं. उन्हाळ्यात जरा तहान लागली की वाढ थांबते, आणि पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे त्याच वेळी धरले जातात. नऊ वर्षं तुम्ही त्याचे फाजील लाड केलेत, दादा."

फाजील लाड हा शब्द मिलिग्रॅमच्या फार जिव्हारी लागला. पोटच्या मुलीला त्यांनी कधी परीक्षेच्या दिवशीसुद्धा उशिरा उठू दिलं नव्हतं. नऊ वर्षं आपण निष्ठेने जी सेवा केली, तीच झाडाच्या मुळावर आली होती, असं हा मनुष्य फोनवर शेंगदाणे खात सांगत होता.

पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या अंगात उत्साह संचारला. म्हणजे किल्ली सापडली की! पाणी तोडायचं, बस.

"एकदम तोडू नका," साडू घाईने म्हणाले. "निम्मं करा. फळ थोडं लहान राहील, पण गोड होईल."

"निम्मं म्हणजे नक्की कशाचं निम्मं?"

"ते आता माती कशी आहे, मुळं कुठवर गेलीत, हवा कशी पडते, त्यावर असतं. अंदाज घ्यायचा."

अंदाज. मिलिग्रॅमनी फोन ठेवला. ज्याला निम्मं कशाचं ते सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर झाड कसं सोडायचं? रात्रभर विचार करून ते या निष्कर्षाला आले की ज्यात चूक होऊच शकत नाही असं माप जगात एकच आहे, ते म्हणजे शून्य. सकाळी त्यांनी झारी माळ्यावर टाकली आणि खोडाला एक पाटी बांधली: "या झाडाला पाणी घालू नये. हुकमावरून." हुकूम कोणाचा, हे लिहिलं नव्हतं, त्यामुळे पाटीचा वचक जास्त होता.

पाटी वाचून पहिल्यांदा खाली आले ते मास्तर. मास्तर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांचा सरकारी शिक्क्यावर फार विश्वास.

"नुसत्या पाटीने काय होतंय?" ते म्हणाले. "उद्या सेक्रेटरीने परस्पर परवानगी काढली तर? तुम्ही आधीच उद्यान खात्यात जाऊन झाड तोडू नये असा अर्ज देऊन ठेवा."

मिलिग्रॅमना हे पटलं. रजा टाकून ते उद्यान खात्यात गेले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न तोडण्याचा अर्ज नसतो. झाड तोडायचं नसेल तर काहीच करायचं नसतं."

"पण मी काही केलं नाही, याची नोंद कुठे होणार?"

हा प्रश्न कारकुनाला आजवर कोणी विचारला नव्हता. तो आत जाऊन कोणाशी तरी बोलून आला आणि त्याने झाड तोडण्याचाच अर्ज पुढे सरकवला. "यातच भरा. कारणाच्या रकान्यात लिहा तुमचं म्हणणं."

मिलिग्रॅमनी कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "तोडू नये म्हणून." पोच घेतली, ती घडी घालून खिशात ठेवली आणि मोठा गड जिंकल्यासारखे घरी आले.

इकडे फुलं गळून हिरव्या गोट्या धरल्या. मग एका आठवड्यात निम्म्या गोट्या खाली पडल्या आणि मिलिग्रॅमच्या तोंडचं पाणी पळालं. साडू म्हणाले, झाड स्वतःच आपला भार हलका करतंय, पेलवतील तेवढीच ठेवतंय, होऊ द्या. उरलेल्या गोट्या हळूहळू लिंबाएवढ्या झाल्या. ऊन तापलं. माती भेगाळली. दुपारी झाडाची पानं कडेने वळून आत मिटायला लागली आणि झाड कसं मान खाली घालून उभं असल्यासारखं दिसायला लागलं.

इमारतीत चर्चा सुरू झाली. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझे पेशंट खुर्चीत आडवे पडून खिडकीतून तेच झाड बघतात हो. आधीच घाबरलेले असतात, त्यात हे." मास्तर म्हणाले, "आमच्या काळी इंजिनालासुद्धा प्रत्येक स्टेशनात पाणी देत होते." सेक्रेटरी खिडकीतून नुसते बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. मिलिग्रॅमना वाटायचं, आतून हा माणूस शेडचे पत्रे मोजत असणार.

बायको मात्र बोलली. "अहो, पानं बघवत नाहीत मला."

"पानं काय सांगतात ते महत्त्वाचं नाही," मिलिग्रॅम म्हणाले. "मोजल्याशिवाय मी हलणार नाही."

आणि मोजायचं साधन त्यांच्या खात्यात होतं. केसाच्या जाडीइतका फरकही काट्यावर दाखवणारं घड्याळासारखं एक यंत्र, डायल गेज, धातूच्या पट्ट्या तपासायला तिथे ठेवलेलं असतं. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी ते आणलं, लाकडी चौकट करून खोडाला बसवलं आणि समोर स्टूल टाकून रविवारभर बसून राहिले. सकाळी बघितलेला काटा दुपारी मागे सरकला होता. संध्याकाळी आणखी मागे. सोमवारी पहाटे पाहतात तर काटा परत पुढे आलेला.

मिलिग्रॅम स्टुलावरून ताडकन उठले. झाड दिवसा बारीक होत होतं आणि रात्री जाड होत होतं. नऊ वर्षं ज्याला आपण लाकूड समजत होतो, ते आपल्या डोळ्यांदेखत पोट आत घेत होतं आणि बाहेर सोडत होतं. ते पायजम्यावरच जिना चढून गेले आणि त्यांनी दिसेल ती बेल वाजवली. मास्तर ब्रश तोंडात घेऊन खाली आले, डॉक्टरीणबाई टॉवेल गुंडाळून आल्या, सेक्रेटरीसुद्धा आले. एकेकाला काट्यापुढे उभं करून मिलिग्रॅमनी समजावलं. कोणाला काहीच दिसलं नाही, पण सगळे आपापल्या परीने हरखले. मास्तर खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

साडूंना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे शेंगदाणे खाणं थांबलं. "दादा, हे तर आम्ही केंद्रात करतो," ते पहिल्यांदाच आदराने म्हणाले. "दिवसा पानांतून पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, म्हणून खोड आकसतं. रात्री ते भरून काढतं. आकसणं फार वाढलं की समजायचं, आता पाणी द्यायलाच हवं."

म्हणजे झाड स्वतःच माप सांगत होतं. मिलिग्रॅमना इतका आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता, मुलगी झाल्यावर तिचं वजन घेतलं तेव्हाचा सोडला तर. ऑफिसात जाऊन त्यांनी शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला झाडाची सकाळची आणि दुपारची तब्येत ऐकवली. लोक जेवणाचे डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला लागले, पण त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. आकसणं वाढेल तेव्हा पाणी द्यायचं, असं ठरवून ते काट्यावर डोळा ठेवून राहिले.

आकसणं वाढलं नाही. उलट कमी कमी होत गेलं आणि एके दिवशी काटा सकाळ, दुपार, संध्याकाळ एकाच जागी उभा राहिला.

पाऊस नाही, पाणी नाही, वर आग ओतणारं ऊन, आणि झाडाला तहानच नाही. मिलिग्रॅमनी याचा एकच अर्थ काढला. या झाडाने पाण्यावाचून जगण्याची विद्या साधली होती. त्यांना रात्री झोप येईना. जगातली ओसाड रानं त्यांना हिरवीगार दिसायला लागली. साडूंना त्यांनी फोन केला आणि आवाज शक्य तितका शांत ठेवून सांगितलं, "कॅमेरा घेऊन या."

साडू यायच्या आधी दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे उद्यान खात्याचं पत्र आलं. आपल्या अर्जानुसार झाड तोडण्यास मंजुरी देण्यात येत आहे. कारण, तोडू नये म्हणून. माणसं करवतीसह हजर राहतील. तारीख नेमकी मोसमाअखेरच्या सभेची होती. मिलिग्रॅम धावत खात्यात गेले. कारकून म्हणाला, "मंजुरी रद्द होत नाही. झाड तोडल्याचा दाखला आणला की फाइल बंद होते."

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. आता मुठीएवढी झालेली सफरचंदं फुटायला लागली. रोज सकाळी एखाद्या फळाला देठापासून चीर गेलेली असायची. पानं पिवळी पडत होती. मिलिग्रॅमना सरळ सेक्रेटरींचा संशय आला. त्यांनी सेक्रेटरींच्या हातात ब्लेडची कल्पनासुद्धा करून पाहिली.

साडू आले. त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. ते उकिडवे बसले, त्यांनी वरून सुकलेल्या मातीत बोट खुपसलं आणि बाहेर काढून मिलिग्रॅमच्या नाकासमोर धरलं. बोट चिखलाने माखलं होतं.

"दादा, झाड आहे की कमळ?"

"एक थेंब घातलेला नाही मी. शपथेवर सांगतो."

"तुम्ही नसेल घातला. पण तहानलेल्या झाडाला एकदम बदाबदा पाणी मिळालं की फळ आतून फुगतं आणि साल तटकन फुटते. कोणीतरी रोज घालतंय."

दुसऱ्या दिवशी मिलिग्रॅमनी किरकोळ रजा टाकली. डबा घेऊन नेहमीच्या वेळी ते बाहेर पडले, मागच्या फाटकाने परत आले आणि विजेच्या मीटरच्या खोलीत शिरले. साडू आधीच तिथे होते. खोली मीटरसाठी बांधलेली होती, साडूंसाठी नव्हे. दोघांनी पोटं आत घेतली आणि दाराच्या फटींतून अंगणाकडे डोळे लावले.

थोड्याच वेळात मास्तर आले. हातात चहाची किटली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं, जणू गाडी येतेय की काय, आणि किटली मुळाशी रिकामी केली. पाटीला त्यांनी हलकेच सलाम केला आणि ते गेले.

मग डॉक्टरीणबाईंची कंपाउंडर बादली घेऊन आली. पाठोपाठ स्वतः डॉक्टरीणबाई दुसरी बादली घेऊन आल्या. कंपाउंडर झाडामागून निघाली तेव्हा दोघी दचकल्या, कारण दोघींनी एकमेकींपासूनही लपवलं होतं.

साडूंना हसू आवरेना. मिलिग्रॅमनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. तेवढ्यात त्यांना भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं दिसलं. पातेलं ओळखीचं होतं. साडीही ओळखीची होती.

"ताई," साडू बोटांच्या फटीतून पुटपुटले.

मिलिग्रॅमच्या बायकोने पाणी ओतलं, एका फांदीचं पिवळं पान खुडलं आणि खोडाला म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं."

मिलिग्रॅम दार ढकलून बाहेर येणार, तोच सेक्रेटरी अंगणात आले. हातात गाडी धुवायचा लांब पाइप होता. त्यांनी गाडीवर चार थेंब उडवले, मग पाइप झाडाच्या मुळाशी नेऊन टाकला आणि तिथेच स्टुलावर पाय पसरून बसले. पाणी वाहत राहिलं. ते पानांकडे बघत निवांत बसले होते.

आता मात्र दार उघडलं. मिलिग्रॅम आणि साडू एकदमच बाहेर यायला गेले आणि चौकटीत अडकले. एक बाहेर निघाल्यावर दुसरा निघाला.

"सेक्रेटरी," मिलिग्रॅम म्हणाले, "तुम्ही?"

सेक्रेटरी गोरेमोरे झाले. पण त्यांनी पाइप सोडला नाही. "तोडणं वेगळं, साहेब," ते म्हणाले. "तोडणं ठरावानुसार आहे. पण हे असं तहानेने मारणं? माझ्या खिडकीतून दिसतं मला. दुपारी पानं मिटून उभं असतं बिचारं. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मला वाटलं, मी एकटाच घालतोय."

"मलाही तेच वाटलं," मास्तर खिडकीतून म्हणाले.

"मलाही," म्हणत बायको पातेलं घेऊन जिन्यात उभी होती. मिलिग्रॅमनी तिच्याकडे पाहिलं. "नऊ वर्षं झालीत त्याला लावून," ती म्हणाली. "तुमच्या पाटीपायी मरू देऊ का?"

मिलिग्रॅमनी जाऊन नळ बंद केला.

पण फळं फुटायची ती फुटली होती. सभेच्या दिवसापर्यंत झाडावर धड असं एकही सफरचंद राहिलं नाही. बायकोने चिरलेल्या बाजू कापून काढल्या, उरलेल्या फोडी दोन ताटांत मांडल्या आणि अंगणात टेबलावर आणून ठेवल्या. मिलिग्रॅमनी तिला मदत करताना बोट कापून घेतलं. उद्यान खात्याची माणसं करवत घेऊन आली होती, ती फाटकाशी बसली. त्यांचा मुकादम सारखा घड्याळ बघत होता. "साहेब, पाचला आमची सुट्टी होते," तो म्हणाला. "काय ते लवकर ठरवा."

सगळ्या घरांनी फोडी घेतल्या. सगळ्यांनी चावल्या.

"दातांना अगदी सोपं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाणीदार," मास्तर म्हणाले.

खरं म्हणजे त्या फोडींना चव अशी नव्हतीच. इतक्या जणांच्या दयेचं पाणी त्यांच्यात उतरलं होतं की सफरचंदाला जागाच राहिली नव्हती. सेक्रेटरींनी ठरावाचा कागद उघडला. त्यांचा चेहरा पडला होता, पण कागद हातात आला की त्यांचा इलाज नसे. "ठरावात खाण्याजोगं फळ असा शब्द आहे. पाणीदार असा नाही."

आणि इथे साडूंच्या अंगात विज्ञान संचारलं. त्यांनी खिशातून दुर्बिणीसारखी एक आखूड नळी काढली. "मोजूनच टाकू की. रसाचा थेंब इथे ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं, गोडीचा आकडा दिसतो. बाराच्या वर असेल तर ते उत्तम सफरचंद, जगात कुठेही."

मिलिग्रॅमच्या बायकोने बहिणीच्या नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी नळी परत खिशात घालायचा प्रयत्न केला. पण उशीर झाला होता.

"उत्तम," सेक्रेटरी म्हणाले. "बाराच्या वर असेल तर झाड राहील. आणि आकडा साहेबांनीच वाचावा. आपल्यात ज्यांचा आकडा कधी चुकलेला नाही असे तेच एक आहेत."

मिलिग्रॅमनी थेंब ठेवला, झाकण लावलं आणि नळी उजेडाकडे धरली. रेघ अगदी स्वच्छ दिसत होती. ती आठाच्याही खाली होती. त्यांनी डोळा पुसून परत पाहिलं. रेघ जिथल्या तिथे होती. लोटांगण घातलेला तो दुकानदार त्यांच्या डोळ्यांपुढे आला. मी काय करू, काटाच सांगतोय. फाटकाशी मुकादमाने करवतीवरचं फडकं सोडलं होतं. बायको ताट धरून उभी होती आणि ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, झाडाकडे बघत होती.

त्यांनी नळी खाली घेतली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"तेरा," मिलिग्रॅम म्हणाले.

साडूंनी तोंड उघडलं आणि मिलिग्रॅमच्या बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडल्यावर मिटलं.

"बघू," सेक्रेटरींनी हात पुढे केला.

मिलिग्रॅमनी नळी दिली. सेक्रेटरींनी ती डोळ्याला लावली. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नळी खाली घेतली, काच रुमालाने पुसली, परत डोळ्याला लावली आणि झाडाकडे वळून उभे राहिले.

"साडेतेरा," ते म्हणाले. "साहेब नेहमी जरा हात राखूनच सांगतात."

मास्तरांनी टाळी वाजवली. डॉक्टरीणबाईंनी रुमाल नाकाला लावला. मुकादम मात्र कागद पुढे करून उभा राहिला. झाड तोडल्याच्या दाखल्यावर सही झाली नाही तर त्याला उद्या पुन्हा यावं लागणार होतं. पहिलं खोटं बोलायला मिलिग्रॅमना सबंध नोकरी लागली होती. दुसऱ्याला पेनचं टोपण काढायला लागला तेवढाच वेळ लागला. त्यांनी सही केली. सेक्रेटरींनी साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली. करवत टेम्पोत गेली, आणि उद्यान खात्याच्या लेखी त्या जागी आता झाड उरलं नाही.

सगळे गेल्यावर मिलिग्रॅमनी खोडाची पाटी सोडली. बायको टेबल आवरत होती. ताटात थोड्या फोडी उरल्या होत्या, त्यातली एक तिने त्यांच्या हातावर ठेवली.

"खरंच तेरा होतं?" तिने हळूच विचारलं.

मिलिग्रॅमनी फोड तोंडात टाकली. ती साध्या थंड पाण्यासारखी लागली. त्यांनी ती सावकाश चावून संपवली.

"मी काय करू?" ते म्हणाले. "काटाच सांगत होता."

आणि त्यांनी ताटातली दुसरी फोड उचलली.